मदत हवी आहे : सात मॅचनंतरचा प्रीमियर लीगचा तक्ता बाबांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे आणि थोडा घरचाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बाबा कोल्हापुरात असतात, मी पुण्यात. तरुणपणी ते पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळलेत. यंदा, म्हणजे २०२५ च्या जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाहेर पडणं थांबलं. दिवसभर नुसतं खिडकीशी बसणं मला बघवेना, म्हणून त्यांना इंग्लंडची प्रीमियर लीग लावून दिली. १६ ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी साडेसातला पहिली मॅच लागली ती संडरलँड आणि वेस्ट हॅमची. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. मग मायेंडा, बॅलर्ड आणि शेवटी जादा वेळेत इसिडोर, संडरलँड ३-० नं जिंकलं. ही टीम आठ वर्षांनी वरच्या लीगमध्ये परत आलीय, मधली चार वर्षं तर थेट तिसऱ्या पायरीवर होती, हे मी फोनवर सांगितलं आणि बाबांची टीम ठरून गेली.

आता त्यांनी दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर मॅच, उजव्या पानावर तक्ता, रेघा लाल पेनानं. प्रत्येक गोलपुढे मिनिट आणि गोल कशानं झाला ते : ‘डोक्यानं’, ‘डाव्यानं’, ‘पेनल्टी’. मी गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा ती वही उशीशेजारी होती.

अडचण अशी, की त्यांचे प्रश्न आता माझ्या आवाक्याबाहेर गेलेत. सात मॅचनंतर संडरलँड ११ पॉइंटवर, नववा नंबर. बाबा विचारतात, “ह्यो नंबर खरा धरायचा काय?” कुणीतरी त्यांना सांगितलंय की गेली दोन वर्षं वर आलेल्या तिन्ही टीम लगेच खाली गेल्या. ते खरंच आहे (वीस टीमपैकी शेवटच्या तीन दरवर्षी खालच्या लीगमध्ये जातात आणि तिथल्या तीन वर येतात). २०२३-२४ ला बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्यूटन. २०२४-२५ ला लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन. तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागलाय. मला त्यांना खोटी आशा लावायची नाही, पण उगाच धीरही खचवायचा नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत तक्त्याकडे नेमकं कसं बघायचं? किती पॉइंट झाले की निश्चिंत व्हायचं?

आणखी एक. काल शनिवारी पुन्हा फोन : “अगं, साडेसात वाजून गेलं, मॅच लागंना. टीव्ही बिघडला काय?” सप्टेंबरातही असंच झालं होतं. देशांच्या मॅचसाठी सुट्टी असते हे त्यांना आधीच कळेल असं काही करता येईल का?

पहिला प्रतिसाद

ताई, बाबांना नमस्कार सांगा. वही ठेवणारा प्रेक्षक आजकाल दुर्मीळ झालाय.

नंबर खरा आहे, पण कच्चा आहे. मी स्वतः दहा-बारा मॅच होईपर्यंत नंबराकडे फारसं बघत नाही. २००८ मध्ये हल सिटी पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये आली. पहिल्या नऊ मॅचमध्ये २० पॉइंट, आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं. मे महिन्यात तीच टीम ३५ पॉइंटवर सतरावी राहिली आणि एका पॉइंटनं वाचली. उलट २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेस पहिल्या सातही मॅच हरली, सातांत एक गोल नाही. चार मॅचनंतर मॅनेजर बदलला, आणि शेवटी टीम अकरावी आली. यंदाचं लिव्हरपूल बघा : ओळीनं पाच जिंकले, त्यातले बरेच अगदी शेवटच्या मिनिटांत, आणि मग लगोलग दोन हरले.

वहीत तीन गोष्टी करायला सांगा. १ सप्टेंबरच्या खाली एक जाड रेघ. त्या दिवशी खेळाडूंची खरेदी-विक्री बंद झाली. आधीच्या तीन मॅच सगळ्यांनी अर्धवट टीमनिशी खेळल्यात; इसाकसारखा स्ट्रायकर न्यूकासलकडून एकही मॅच न खेळता शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला गेला. दुसरं, घरचे आणि बाहेरचे पॉइंट वेगळे मांडायचे. संडरलँडचे घरच्या तीन मॅचमध्ये ७, बाहेरच्या चार मॅचमध्ये ४. तिसरं, प्रत्येक निकालापुढे समोरच्या टीमचा आजचा नंबर. इथे थोडं जपून : जिंकलेल्या तिन्ही मॅच, वेस्ट हॅम, ब्रेंटफर्ड आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट, आज तळाच्या पाचांत असलेल्या टीमविरुद्धच्या आहेत.

पण मला धीर वाटतो तो बाबांच्याच वहीमुळे. ‘डोक्यानं’ किती वेळा आलंय ते मोजायला सांगा. सात गोलांपैकी चार निघतील. ब्रेंटफर्ड आणि फॉरेस्टविरुद्धच्या हेडरना बॉल पुरवणारा एकच, संडरलँडचा जाका. हे नशिबानं होत नाही, सरावानं होतं, आणि अशी गोष्ट डिसेंबरातही टिकते. शिवाय अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध तेहतिसाव्या मिनिटाला आपल्या रेनिल्डोला रेड कार्ड मिळालं, तरी दहाजणांनी १-१ केलं. ती मॅच मी हिशोबात सगळ्यात वर ठेवीन.

दुसरा प्रतिसाद

मी डरहॅमला राहतो, संडरलँड इथून जवळच. बाबांना एक सांगा : संडरलँडचं स्टेडियम जिथे आहे तिथे आधी कोळशाची खाण होती. ती बंद झाली आणि त्या जागेवर १९९७ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. बाहेर खाणकामगारांच्या कंदिलाचं मोठं शिल्प आहे. तालमीच्या मातीतल्या माणसाला हे आवडेल.

पॉइंटांचं म्हणाल तर जुने लोक ४० म्हणतात. २००२-०३ ला वेस्ट हॅम ४२ करूनही खाली गेलं होतं, पण तो अपवाद. गेल्या वर्षी अठराव्या लेस्टरचे २५ होते, त्याआधी ल्यूटनचे २६. मी ३६ ला सुटकेचा श्वास घेईन. काळजीची जागा वेगळी आहे. २१ डिसेंबरपासून मोरोक्कोत आफ्रिका कप आहे. सादिकी, रेनिल्डो, तालबी असे बरेच खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला जातील. तेव्हा टीम घसरली तर बाबांनी घाबरू नये, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

तिसरा प्रतिसाद

वेळांसाठी : २६ ऑक्टोबरला इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात. साडेसातची मॅच तेव्हापासून साडेआठला, पाचची सहाला, रात्री दहाची अकराला. टीव्ही बिघडलेला नाही हे आधीच सांगा. सुट्ट्या सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात असतात, त्या शनिवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारून ठेवा. आणि ऑगस्टात हडर्सफील्डशी पेनल्टीवर हरले ती लीग कपची मॅच, ती स्पर्धाच वेगळी, तक्त्यात धरायची नाही.

धागाकर्ती, १८ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. हडर्सफील्डची मॅच बाबांनी खरंच तक्त्यात धरली होती. त्यामुळे त्यांच्या वहीत आठ मॅच होत होत्या आणि गेले कित्येक दिवस बेरीज जुळत नव्हती. मला विचारायला संकोच वाटला म्हणाले.

प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. खाणीचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे कामगारांची टीम हाय की.” बाबांची तीस वर्षं फौंड्रीत गेली.

आज वूल्व्ह्जला २-० हरवलं. पहिला गोल मुकिएलेचा, दुसरा वूल्व्ह्जच्याच क्रेचीच्या पायाला लागून. वहीचा फोटो आलाय : १ सप्टेंबरची जाड रेघ मारलीय, घर आणि बाहेर असे दोन रकाने पाडलेत, आणि दुसऱ्या गोलपुढे लिहिलंय ‘त्येंचाच’. घरच्या रकान्यात आता १०. वूल्व्ह्जपुढे ‘२०’ लिहून त्याला गोल केलाय, म्हणजे ही जिंकही तळाच्याच टीमविरुद्धची, हे त्यांना कळलंय.

पुढची मॅच २५ तारखेला चेल्सीकडे, साडेसातलाच. त्यानंतरची एव्हर्टनची मात्र सोमवारी ३ नोव्हेंबरच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर दीड वाजता आहे. त्यासाठी मी रजा टाकून कोल्हापूरला चाललेय.