गणेशोत्सवाच्या स्नेहभोजनासाठी थंड पेये : हरकती कळवाव्यात

सचिव : सहा पेट्या मागवायच्या आहेत. परदेशी कंपन्यांऐवजी देशी पेये घ्यावीत, अशी सूचना आल्याने थम्स अप, लिम्का आणि माझा अशी यादी केली आहे. हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

बी-३०४ : सचिवसाहेब, हेतू योग्य आहे, पण यादी फसली आहे. ही तिन्ही पेये १९९३ पासून कोका-कोलाची आहेत. परकीय भांडवलावरील मर्यादा न मानता ती कंपनी १९७७ मध्ये देशाबाहेर गेली, त्याच सुमारास पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्स अप आणले, आणि सोळा वर्षांनी परतलेल्या कोका-कोलाने ते पार्लेच्याच गोल्ड स्पॉट या संत्र्याच्या पेयासकट विकत घेतले. त्या व्यवहारात तिला नुसती नावे नव्हे, तर बाटल्या भरून गावोगावी पोचवणारी तयार साखळी मिळाली. थम्स अप लोकांनी सोडले नाही म्हणून टिकले; गोल्ड स्पॉट बंद पडले.

ए-१०१ : चेंबूरच्या ड्यूक्सचेही तेच झाले. आमच्या लहानपणी पारशी शेजाऱ्यांकडचे लग्न ड्यूक्सच्या रास्पबेरी सोड्यावाचून होत नसे. १८८९ ची ती कंपनी १९९४ मध्ये पेप्सीकडे गेली.

सी-२०२ : पण काका, आता कॅम्पा कोलाही आले आहे. म्हणजे स्पर्धा आहेच की.

बी-३०४ : आहे ताई, पण कोणाकोणात, तेही पाहावे. कॅम्पा २०२२ मध्ये रिलायन्सने घेतले आणि पुढच्या वर्षी दोनशे मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना बाजारात आणली. यात गिऱ्हाइकाचा फायदा झाला, हे मान्य. मात्र ज्याची दुकाने त्याचेच पेय, असा हा तिसरा भिडू आहे. तालुक्याच्या सोडावाल्याने त्याच्यापुढे टिकायचे कशाच्या बळावर? माझ्या मावसभावाचे किराणा दुकान आहे. दारातला काचेचा फ्रिज कंपनीने फुकट दिला, विजेचे बिल तो भरतो, आणि आत दुसऱ्याची बाटली दिसली की फेरीला येणारा माणूस फ्रिज उचलून नेण्याची भाषा करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने गावातल्या कारखान्याचा जिरा सोडा घरच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी थंड करून विकला.

सचिव : यादी मागे घेतो. पर्याय सुचवावा.

ए-१०१ : अमृत कोकम मी रत्नागिरीच्या बहिणीकडून मागवतो. पाणी, जिरेपूड आणि बर्फ सोसायटीने पाहावा.

सी-२०२ : एक पेटी थम्स अपची राहू द्यावी. मुले नाहीतर कोपऱ्यावरून आणतीलच, तेही सुट्या भावाने.