ग्रीन डे बघून आले, पण तिथल्या काकालोकांना एक विचारायचंय

चिंगी_डोंबिवली:

लोलापालूझा म्युझिक फेस्टिवलला, ग्रीन डे ह्या अमेरिकन पंक बँडला बघायला गेलेलं का इथलं कोणी? म्हणजे ९ मार्चच्या रविवारी, महालक्ष्मी रेसकोर्सवर? मी गेलेले. मी, कॉलेजमधली एक मैत्रीण, तिचा भाऊ आणि माझा चुलतभाऊ. चुलतभाऊ ही पप्पांची अट होती, त्याला बँडशी काही घेणंदेणं नाही, त्याच दिवशी दुबईत इंडिया-न्यूझीलंड फायनल होती आणि तो पूर्ण वेळ स्कोअर रिफ्रेश करत खांबासारखा उभा होता. अजून एक जण येणार होती पण तिची बारावीची बोर्डाची परीक्षा चालू आहे, तिने घरी विषय काढला आणि तिच्या आईने नुसतं बघितलं म्हणे. संपला विषय.

तर मी अकरावीत. ग्रीन डे लॉकडाऊनपासून ऐकते, ऑनलाइन क्लासचा कॅमेरा बंद ठेवून त्यांचा अख्खा डूकी अल्बम पाठ केलाय मी, भूगोलाच्या तासाला. हे पहिल्यांदाच भारतात येणार म्हटल्यावर दिवाळीची ओवाळणी, वाढदिवसाचे पैसे, आजीने दिलेले, सगळं त्यात घातलं.

डोंबिवली ते दादर, ब्रिज चढून वेस्टर्नला, मग स्लो पकडून महालक्ष्मी. डब्यातच कळत होतं कोण कुठे चाललंय. काळे टीशर्ट, डोळ्यात काजळ, एकाने तर काळ्या शर्टावर लाल टाय बांधलेला, मार्चच्या उन्हात, बिचारा. आत गेल्यावर आम्ही त्याच स्टेजसमोर तळ ठोकला, बाकी कोण कुठे वाजवतंय बघितलंच नाही. मैत्रिणीचा भाऊ पाणी भरायला गेला तर गर्दीतून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धी बाटली लोकांनी प्यायलेली, तिथे कोणाला नाही म्हणवतच नाही.

आणि मग ते आले आणि अमेरिकन इडियट सुरू झालं आणि मला पुढचं नीट सांगताच येणार नाही. मी उड्या मारत नव्हते, आजूबाजूचे मारत होते आणि मी आपोआप त्यांच्याबरोबर वर जात होते. मधेच समोर गोल रिकामी जागा झाली, पोरं एकमेकांवर आपटायला लागली, एक जण पडला तर चार हातांनी त्याला उचलून उभं केलं आणि परत ढकललं. एकाचा बूट गेला. तो बूट लोकांनी वर धरला, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या असा डोक्यांवरून फिरत फिरत स्टेजच्या दिशेने चालला होता आणि त्याचा मालक एका पायावर लंगडत मागून 'अरे माझा आहे तो' ओरडत होता. मिळाला त्याला, दोन गाण्यांनंतर.

आता मुद्दा. आमच्या मागे चाळिशी-पंचेचाळिशीतले चार-पाच जण होते, पोटावर ताणलेले जुने टीशर्ट. शो सुरू व्हायच्या आधी त्यातला एक मला म्हणतो, "बाळा, ह्यांची तीन गाणी सांग बघू." मी म्हटलं अल्बम कुठला घेऊ ते सांगा. त्याचे मित्र हसले, तो गप्प. मला राग आला होता खरं सांगायचं तर, माझ्या शेजारच्या मुलांना नाही विचारलं त्याने. आणि मग तोच काका सप्टेंबरवालं गाणं, वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स, लागल्यावर ढसाढसा रडत होता, चष्मा काढून, शर्टाला पुसत.

म्हणून विचारते, तुम्ही लोक असं का करता? आम्हाला ही गाणी आवडू शकतात ह्यात एवढं नवल काय आहे? अमेरिकन इडियट अल्बम आला तेव्हा मी जन्मलेही नव्हते हे मान्य, पण लता मंगेशकर ऐकणाऱ्याला कोणी जन्मतारीख विचारत नाही ना.

आणि दुसरं, माझ्या कानात अजून बारीक शिट्टी वाजतेय. हे जातं ना? घरी सांगितलेलं नाही.

रंगभवनवाला:

चिंगे, तो मी नव्हतो आधी सांगतो. पण असू शकलो असतो, पोट आहे, टीशर्ट आहे, चष्माही आहे.

अल्बम कुठला घेऊ ते सांगा, हे मात्र भारी होतं, जिंकलीस.

आता का करतो ते ऐक. डूकी आला १९९४ ला, मी तेव्हा शाळेत. इंटरनेट नाही. ऐकायचं कुठे? काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं, तिथे हेडफोन लावून ऐकता यायचं, दुकानातला माणूस बघायला लागला की निमूटपणे ठेवून निघायचं. चौघांत मिळून एक कॅसेट घ्यायची आणि बाकी तिघांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवायची. आमच्या अख्ख्या चाळीत मी एकटा हे असलं ऐकणारा, वडील म्हणायचे हा गातोय का भांडतोय. त्यामुळे ट्रेनमध्ये कोणाच्या अंगावर बँडचा टीशर्ट दिसला की आम्ही जाऊन विचारायचो, कुठली गाणी ऐकतोस? मैत्री करायला विचारायचो गं. माझे आजचे दोन सख्खे मित्र त्या प्रश्नातून मिळालेत. तोच प्रश्न पंचेचाळिशीच्या बाप्याने सतरा वर्षांच्या पोरीला विचारला की तो तोंडी परीक्षा घेतल्यासारखाच वाटणार, आणि मुलांना सोडून फक्त तुलाच विचारला ह्याला तर काही बचावच नाही, ते चुकलंच त्याचं.

आणि लाइव्ह म्हणशील तर आमच्याकडे रंगभवन. धोबीतलाव, उघडं थिएटर, १९८६ पासून आय-रॉक नावाचा रॉक फेस्टिवल चालायचा, आपले इथलेच बँड. मग शेजारी हॉस्पिटल, कॉलेज म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि सगळं बंद पडलं. बाहेरचे मोठे बँड मुंबईत क्वचितच यायचे. मायकेल जॅक्सन १९९६ ला अंधेरीला येऊन गेला ते लोक अजून सांगतात ह्यावरून काय ते ओळख. आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड २००७ मध्ये बंगलोरला आला तेव्हा आम्ही रात्रभर बसने गेलो, मानेची वाट लागली, परत सोमवारी ऑफिस. ग्रीन डे येणार येणार असं नुसतं ऐकत आमचे केस गेले. तू ओवाळणीच्या पैशात बघितलास, मज्जा आहे तुझी, जळतो मी.

मिडलँड्स_मराठी:

रडण्याचं मी सांगते. ते सप्टेंबरवालं गाणं बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगने वडिलांवर लिहिलंय. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सरने गेले ते, हा तेव्हा दहा वर्षांचा. वीसेक वर्षं त्याने ह्यावर गाणं केलं नव्हतं, आलं ते एकदम २००४ च्या अमेरिकन इडियट अल्बमवर. तुझ्या त्या काकांच्या वयात बऱ्याच जणांचे वडील गेलेले असतात, चिंगी. सतराव्या वर्षी ते गाणं नुसतं स्लो म्हणून आवडतं. मलाही तसंच आवडायचं.

मी ह्यांना २००५ च्या जूनमध्ये बघितलं, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स बोलला, लेस्टरला शिकत होते तेव्हा. जुनी मातीची खाण आहे ती, गवताने भरलेली, सगळीकडून उतार आणि खाली स्टेज. दोन दिवसांत मिळून १,३०,००० लोक. साडीतली आई सोडून सगळं बघितलं मी तिथे. आणि गंमत ऐक, तिथेही जुने लोक होतेच कुरकुरणारे, ९४ पासूनचे, की ह्या काजळवाल्या पोरी टीव्हीवर बघून आल्यात, ह्यांना काय कळतंय. त्या काजळवाल्या पोरींत मी होते! आता माझी मुलगी मला म्हणते आई तू ह्यांचे नवीन अल्बम ऐकतच नाहीस, सेव्हियर्स मधलं एक गाणं सांग. नाही सांगता आलं.

तीन_कॉर्ड_पुरेत:

सॉरी हां पण मुळात ह्याला पंक म्हणायचं का? पंक म्हणजे मोठ्या कंपन्यांना न जुमानणारं ना? बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाचा अड्डा आहे, पोरंच चालवतात, हे तिथेच मोठे झाले, आणि ९३ ला मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून तिथूनच ह्यांना बंदी घातली. आता मनगटावर एंट्रीची पट्टी बांधून, पैसे टॉप-अप करून, रेसकोर्सवर पंक? रेसकोर्सवर??

रंगभवनवाला:

आला हा. अरे २०१५ मध्ये त्याच गिलमनला हे परत वाजवून आलेत, ज्यांनी काढलं त्यांना चालतंय, तू कशाला गेटवर उभा आहेस. आणि एवढंच असेल तर वुडस्टॉक ९४ बघ, लोकांनी चिखल फेकायला सुरुवात केली, हेही उलटे फेकायला लागले, प्रेक्षक स्टेजवर घुसले आणि त्या गोंधळात सिक्युरिटीवाल्याला बासवाला माइक डर्न्ट हा प्रेक्षकांतलाच कोणी वाटला, आडवा केला त्याला, दात गेले बिचाऱ्याचे. स्वतःच्याच शोमध्ये. ह्याहून जास्त पंक काय पाहिजे तुला, जबडा?

तीन_कॉर्ड_पुरेत:

दाताचं मान्य. रेसकोर्सचं नाही.

कानसेन:

तुमचं चालू द्या, त्या मुलीच्या कानाचं कोणीच बोललं नाही. मी ऑडिऑलॉजी, म्हणजे कान आणि ऐकण्याचं शास्त्र, शिकतेय म्हणून सांगते.

चिंगी, मोठ्या आवाजानंतर अशी शिट्टी किंवा कान भरल्यासारखे वाटणं बऱ्याचदा एक-दोन दिवसांत जातं. तेवढ्यात हेडफोन लावू नकोस, कॉन्सर्टचे व्हिडिओ तर अजिबात नाही, आणि कानात तेलबिल काही घालू नकोस, आजी सांगेल तरी. दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर घरी सांगून सरळ ईएनटीकडे जा, तेव्हा लपवू नकोस कारण ऐकू कमी येत असेल तर लवकर दाखवण्याला महत्त्व आहे.

हिशोब असा असतो की ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्पीकरच्या जवळ १०० सहज होतं आणि तू तिथे किती तास होतीस तूच बघ. पुढच्या वेळी केमिस्टकडून फोमचे इअरप्लग घे. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते भोकाशी टेकवले तर काही उपयोग नाही, बहुतेक लोक तेच करतात आणि मग म्हणतात चालत नाहीत. गाणं ऐकू येतं, काळजी करू नकोस, उलट शब्द जास्त सुटे ऐकू येतात. बरेच बँडवाले स्वतः कानात काहीतरी घालूनच वाजवतात.

मिडलँड्स_मराठी:

हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. माझ्या डाव्या कानात एक कायमची सिगारेटच्या कागदासारखी सळसळ आहे, २००५ ची.

चिंगी_डोंबिवली:

थँक यू सगळ्यांना. कानसेन ताई, शिट्टी बरीच कमी झालीय, आजीने खरंच तेल आणलं होतं कोमट करून, पळाले मी.

वडिलांचं मला माहीत नव्हतं. म्हणजे कुठेतरी वाचलं होतं पण ते डोक्यात बसलं नव्हतं. मला त्या काकांचा राग आता निम्माच येतोय, रंगभवनवाल्या दादांनी (काका म्हणू का?) सांगितलं तेवढा भाग माफ, मुलांना सोडून मला विचारलं तो भाग नाही.

एक राहिलं सांगायचं. शेवटी बिली जो एकटाच अकूस्टिक गिटार घेऊन गुड रिडन्स गायला उभा राहिला आणि माझा चुलतभाऊ, तो खांब, त्याने फोन खिशात घातला. मॅच चालू असताना! म्हणाला हे गाणं मला येतं, हे कॉलेजच्या सेंडऑफला वाजवतात. आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बेसूर ओरडलो. बाहेर पडल्यावर कळलं जडेजाने चौका मारून जिंकवलं, रस्त्यावर फटाके, हॉर्न, ट्रेनमध्ये निम्मा डबा इंडिया इंडिया आणि निम्मा डबा ग्रीन डेचं बास्केट केस गात. दादरला कोण कशासाठी नाचतंय कळत नव्हतं.

आणि त्या गुड रिडन्सला मुळात जी, सीअॅड९, डी आणि ई मायनर एवढेच कॉर्ड लागतात म्हणून मैत्रिणीच्या भावाने कालपासून गिटार काढलीय, मैत्रीण बास शिकणार म्हणते, मी गाणार कारण मला दुसरं काही येत नाही. ड्रमर नाहीये. डोंबिवली ते ठाण्यात कोणी वाजवत असेल, स्वतःचा ड्रम असेल आणि घरचे दुपारी बाहेर असतील तर इथेच सांगा. वय काहीही चालेल, पोटावर ताणलेला टीशर्ट असला तरी चालेल, फक्त तीन गाणी विचारायची नाहीत.

तीन_कॉर्ड_पुरेत:

ठाणे. वाजवतो. पण रेसकोर्सवर वाजवणार नाही.