'प्रोब'ला मराठीत काय म्हणावं, आणि हर्पिसचा विषाणू 'सुप्त' की 'दडलेला'?

मंडळी, एक लेख मराठीत करतेय, माणसाच्या पेशीत हर्पिस गटातल्या विषाणूंचा जीनोम लॅबमध्ये कसा शोधतात त्यावर, बीएस्सीच्या मुलांसाठी आहे आणि तीन शब्दांपाशी गाडी अडलीय. प्रोब, हायब्रिडायझेशन आणि लेटंट. जीनोमला 'जनुकसंच' केलंय, आधी 'जनुकीय संकेत' लिहिलेलं ते खोडलं, तो जेनेटिक कोड, ती भानगड वेगळी. हायब्रिडायझेशनला मागे एकदा 'संकर' वापरला होता तर एका मुलाने सरळ विचारलं, म्हणजे विषाणू आणि माणूस यांचा संकर होतो का? हसू आलं पण चूक माझीच. प्रोबला 'शोधक' सुचतंय पण मन घेत नाहीये.

---

ताई, शोधक नकोच. शोधक म्हटलं की वाटतं हा हिंडून हिंडून काहीतरी हुडकतोय. प्रोब म्हणजे डीएनएचा किंवा आरएनएचा छोटासा तुकडा, विषाणूचा क्रम आपल्याला आधीच माहीत असतो, त्याला पूरक असा बनवलेला आणि त्याला रंगाची नाहीतर चमकणारी खूण बांधलेली, बास. काचपट्टीवर पेशी, तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, वर प्रोब टाकायचा, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी धुवायचं. खरी गोम त्या धुण्यात आहे, कमी धुतलं तर सगळंच चमकतं आणि जास्त धुतलं तर काळोख. नीट जमलं की निळ्या केंद्रकात लाल ठिपके दिसतात. राजी म्हणून लॅबमध्ये वाढवतात त्या पेशी आहेत, त्यांच्या एकेका पेशीत ईबीव्हीच्या (एपस्टाइन-बार विषाणू, हर्पिस गटातलाच) पन्नासेक प्रती, तिथे ठिपकेच ठिपके, आणि नमाल्वा पेशीत जेमतेम दोन, तिथे ठिपका दिसला की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं. आम्ही आपसात 'प्रोब टाकला', 'प्रोब बसला नाही' असंच बोलतो. तेव्हा प्रोबच ठेवा, आणि हायब्रिडायझेशन म्हणजे प्रोबने आपल्या पूरक धाग्याला चिकटणं, त्याला 'जोडी जमणं'.

---

संस्कृतात शब्द तयार आहे की, एषणी. सुश्रुताच्या शस्त्रांत आहे, जखमेतली वाट किती खोल गेलीय ते चाचपायला. पण ती हातात धरायची वस्तू, डीएनएच्या तुकड्याला एषणी म्हटलं तर मुलं सळईच डोळ्यापुढे आणणार, म्हणून माझंही मत प्रोबलाच.

जाता जाता, हर्पिस शब्द ग्रीक, मूळ अर्थ सरपटणं. संस्कृतातला 'स' ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला बरेचदा 'ह' होतो, सप्तचं हेप्टा झालं तसं, म्हणजे हर्पिस आणि आपला सर्प एकाच मुळातले. आणि गंमत बघा, याच गटातल्या कांजिण्यांच्या विषाणूने पुढे वर्षांनी उठणाऱ्या पुरळाला आपण नागीण म्हणतो! कोणी कोणाकडून उचललेलं नाही, अंगावर सरपटत गेलेलं पुरळ बघून दोघांनाही सापच आठवला.

---

नागिणीचं भारीच. पण 'शोधक' इतक्यात टाकून देऊ नका, कारण क्रम माहीतच नसेल तर प्रोब बनवणार कशाचा? 1994 मध्ये चँग आणि मूर यांना कापोसी सार्कोमा या कर्करोगातला हर्पिस विषाणू सापडला तेव्हा त्याचा क्रम कुणालाच ठाऊक नव्हता, त्यांनी गाठीतल्या डीएनएतून त्याच रुग्णाच्या निरोगी भागातला डीएनए जणू वजा केला आणि उरलेल्या तुकड्यांत विषाणू निघाला. वजाबाकीच ती! शोधक शब्द अशा पद्धतीला शोभतो.

आता लेटंट, म्हणजे पेशीत गुपचूप राहिलेला विषाणू. सगळे 'सुप्त' लिहितात, मला पटत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लपून असणं, झोपणं नाही, शाळेत लेटंट हीटला 'अप्रकट उष्मा' शिकलो ते जास्त नेमकं होतं. ईबीव्ही बी पेशीत (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) गोल कडं होऊन बसतो, पेशी विभागली की आपली प्रत करवून घेतो, यात झोप कुठेय? दडलेला म्हणा.

---

दडलेला चालेल, पण एचएचव्ही-6 ला (हर्पिस गटातलाच आणखी एक) काय म्हणाल? साधारण शंभरात एका माणसात तो गुणसूत्राच्या टोकाशी जोडला गेलेला असतो आणि आईबापांकडून आलेला असतो, म्हणजे अंगातल्या एकूण एक केंद्रकात. अशा माणसाच्या रक्ताची पीसीआर (डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून तो ओळखायची चाचणी) केली की आकडा असा आभाळाला भिडतो की वाटावं केवढा संसर्ग! मग डिजिटल पीसीआरवर (तिच्यात प्रती नेमक्या मोजता येतात) पेशीचं एक जनुक आणि विषाणू शेजारी शेजारी मोजायचे, पेशीमागे एक प्रत असा हिशेब लागला की समजायचं हा दडलेला नाही, मुरलेला आहे.

आणखी एक, क्रियापदं सांभाळा. पीसीआरला नळीतला विषाणू 'सापडतो', पण कुठल्या पेशीतला ते ती सांगत नाही, कारण पेशी आधीच फोडलेल्या असतात. काचपट्टीवर तो 'दिसतो'. आणि रिपोर्टात 'नॉट डिटेक्टेड' असेल त्याचं 'विषाणू नाही' करू नका, 'आढळला नाही' करा. हर्पिस सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या चेतापेशींच्या गाठीत बसलेला असताना रक्तात बघाल तर नाहीच आढळणार, म्हणून तो नाही असं थोडंच आहे.

---

सगळ्यांचे आभार. ठरलं मग, प्रोब प्रोबच राहील, हायब्रिडायझेशनला जोडी जमणं, लेटंटला दडलेला, आणि 'मुरलेला' मी उचलतेय. वाक्य असं झालंय: 'गाठीच्या पेशींत दडलेल्या ईबीव्हीचा जनुकसंच ईबर प्रोबने दिसला.' बरोबर ना?

---

नाही ना ताई. ईबर हा विषाणूचा आरएनए आहे, पेशीत ढिगाने असतो म्हणून तर तो प्रोब इतका छान चालतो, पण त्याने जनुकसंच नाही दिसत, विषाणू असल्याची खूण दिसते.

---

हात् तिच्या. खोडते.