मदत हवी आहे: हॉर्सशू किडनीला मार लागलाय, कबड्डी कायमची बंद करायची का?

मुलगा १४ वर्षांचा, आम्ही कोथरूडला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी कबड्डीत समोरच्याचा गुडघा त्याच्या पोटात बसला, संध्याकाळी लघवी लाल झाली. सीटी स्कॅनमध्ये कळलं की दोन्ही किडन्या जन्मापासूनच खालच्या टोकाला जोडलेल्या आहेत, यालाच हॉर्सशू किडनी म्हणतात. आधी कधीच त्रास नव्हता. हा जोड मणक्यासमोर असतो, त्याला बरगड्यांचा आडोसा नसतो. समोरून मार बसला की तो मणक्यावर दाबला जातो, असं डॉक्टरांनी समजावलं.

किडनीची इजा ग्रेड ३ (पाचपैकी तिसरी पायरी), किडनीतून पोटात लघवीची गळती नाही. ऑपरेशन लागलं नाही, पाच दिवस ॲडमिट ठेवून सक्तीची विश्रांती. आता लघवी स्वच्छ आहे, बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल. डाव्या बाजूच्या किडनीला थोडी सूज दिसते. ती जन्मजात अडथळ्याची की माराची, हे ठरायचंय. त्यासाठी डीटीपीए स्कॅन (किडनीतून लघवीचा निचरा कसा होतो ते दाखवणारा) सांगितलाय, अजून केलेला नाही.

एक डॉक्टर म्हणतात अंगाला भिडणारे खेळ कायमचे बंद, दुसरे म्हणतात तीन महिन्यांनी बघू. पोरगं रोज विचारतं, आणि मला त्याला खोटा धीर द्यायचा नाही.

औषधांचे सल्ले नकोत, ती चालू आहेत. पुण्यात अशा केसेस नेहमी पाहणारे लहान मुलांचे युरॉलॉजिस्ट कोण? आणि ज्यांच्या मुलांना हाच जन्मदोष आहे, त्यांना खेळाबद्दल नेमकं काय सांगितलं गेलं, कोणत्या तपासणीच्या आधारावर?