मदत हवी आहे: लेक कोकणात चालली, त्सुनामीचं आईला काय सांगू?

नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले, किल्लारीपासून जवळच. लेकीला रत्नागिरी जिल्ह्यात नर्सची नोकरी लागलीय, सोमवारी रुजू व्हायचंय. खोली मिळालीय ती खाडीच्या तोंडाशी, दारातून समुद्र दिसतो. माझी आई तिला जाऊ द्यायला तयार नाही.

आईची भीती मला कळते. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. आमचं माळवद बसलं, दगडमातीच्या ढिगातून माझी चुलती आणि तिची दोन लेकरं निघाली नाहीत. आजही आई उशाला टॉर्च घेऊन झोपते, दाराला आतून कडी लावू देत नाही. २००४ च्या डिसेंबरात तिनं टीव्हीवर नागपट्टणम पाहिलं. तेच तिच्या डोक्यात आहे. म्हणते, "तिकडं जमीन बी हलती अन् पाणी बी येतं. पोरीला कशाला धाडायलीस?"

अरबी समुद्रात त्सुनामी येते का? लेकीला काय शिकवून पाठवू? कृपा करून "काही होत नाही" एवढंच लिहू नका. ते आईला पटणार नाही, मलाही नाही.

प्रतिसाद:
ताई, मी नांदेडचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं दापोलीकडं काढली. अरबी समुद्रात त्सुनामी आलेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरान किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ८ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या. पण तेवढं अंतर कापायला त्यांना काही तास लागले. किल्लारीनं कुणाला श्वास घ्यायला वेळ दिला नव्हता, इथं तो मिळू शकतो. २००७ पासून हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र समुद्रातल्या मोठ्या भूकंपानंतर काही मिनिटांत इशारा देतं.

खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगानं जाते, पण उंची इतकी कमी की होडीतल्या माणसाला कळत नाही. किनाऱ्याशी वेग मोडतो आणि मागचं पाणी चढत जातं. खाडीत तर ते आत लांबवर घुसतं, म्हणून खोलीची जागा मला खटकते. जमलं तर उंचावर दुसरी खोली बघा.

आपल्याकडं भूकंप झाला की उघड्यावर पळायचं, हे पोरांच्या अंगात मुरलंय. किनाऱ्यावर उघडं म्हणजे वाळू! हादरे थांबेपर्यंत स्वतःला सांभाळायचं आणि मग थेट उंचावर, सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर) जायचं. हादरा जोराचा किंवा लांबलेला असेल, किंवा समुद्र एकदम आत ओढला जाऊन तळ उघडा पडला असेल, तर इशाऱ्याची वाट बघायची नाही. ओहोटी समजून शिंपले वेचायला तर अजिबात जायचं नाही. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नये. पुढच्या लाटा तासाभरानंही येतात, कधी पहिलीपेक्षा मोठ्या.

धागाकर्ती:
दादा, आईला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. लेकीनं घरमालकीणबाईंना फोन केला: घरामागूनच पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट आहे, सडा दहा मिनिटांवर. वरच्या वाडीत खोली मिळते का, तेही त्या बघतायत. आईनं एवढंच विचारलं, "रातीला त्या पायऱ्यांवर दिवा असतो का?" ते विचारायचं राहिलंच होतं. आत्ता परत फोन लावते.