मदत हवी आहे : एकस्तरीय मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पंप-प्रोब आलेखातून एक्सायटॉनची संख्या कशी काढावी?

नमस्कार. मी खानापूरचा असून बेळगावात एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकतो. आमच्या विभागात फेम्टोसेकंद लेसर नाही (सीमाभागातल्या महाविद्यालयात तो असावा, अशी अपेक्षाही कोणी करू नये), म्हणून आमच्याच तालुक्यातील एका ज्येष्ठ मित्रांनी बेंगळूरुच्या प्रयोगशाळेत केलेली मापने मी प्रकल्पासाठी वापरतो आहे. नमुना सफायरच्या चकतीवर वाढवलेला एकच थर आहे. पंप (नमुन्याला उद्दीपित करणारा लेसर-स्पंद) 400 नॅनोमीटरचा, म्हणजे 3.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे आणि प्रोब (त्यानंतर ठरावीक विलंबाने शोषण तपासणारा स्पंद) पांढऱ्या प्रकाशाचा आहे.

हा थर जेमतेम 0.65 नॅनोमीटर जाडीचा असूनही 1.9 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या 'ए' शिखरापाशी (एक्सायटॉनमुळे, म्हणजे एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीमुळे, येणाऱ्या शोषण-शिखरापाशी) पाच ते दहा टक्के प्रकाश शोषतो. ग्राफीनचा एक थर 2.3 टक्केच शोषतो. पंप पडताच अवस्था भरल्या जातात आणि शिखरावरील शोषण घटते, इथपर्यंत मला समजते. अडचण पुढे आहे. त्याच शिखराच्या लाल (कमी ऊर्जेच्या) बाजूस शोषण वाढलेले दिसते. पहिल्या काहीशे फेम्टोसेकंदांत जालक (स्फटिकातील अणूंची रचना) फारसे तापलेले नसते, तेव्हा ही वाढ वाहकांच्या (इलेक्ट्रॉन व होल यांच्या) गर्दीमुळे ऊर्जापट्टीतील अंतर आकसल्याची मानता येते. परंतु काही दशक पिकोसेकंदांनंतर जालक तापल्यानेही शिखर लालकडेच सरकते, आणि दोन्ही परिणामांचे आलेख जवळपास सारखे दिसतात.

मला मुळात एक्सायटॉनांची संख्या काळानुसार कशी घटते हे हवे आहे. दोषांत अडकण्याचा वेग संख्येच्या प्रमाणात असतो, तर एक्सायटॉन परस्परांवर आदळून नष्ट होत असतील तर तो संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि तसे असल्यास संख्येच्या व्यस्ताचा काळाशी आलेख सरळ रेषा यायला हवा. माझ्या आलेखात ती रेषा पंपची तीव्रता वाढवल्यावर बऱ्यापैकी सरळ येते. पण मी संख्या शिखरावरच्या एकाच तरंगलांबीवरून मोजली असल्याने सरकणाऱ्या शिखराचा परिणाम तिच्यात मिसळला असणार, ही शंका जात नाही.

त्यावर मला सुचलेला उपाय असा, की एका बिंदूऐवजी संपूर्ण 'ए' शिखराखालचे क्षेत्रफळ घ्यावे, कारण शिखर नुसते सरकले तर क्षेत्रफळ बदलत नाही. मात्र शेजारचे, जास्त ऊर्जेचे 'बी' शिखर साधारण 0.15 इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावरच आहे आणि शिखरे रुंदही होतात. अशा स्थितीत बेरजेची सीमा कुठे धरावी?

दुसरे, आमच्या विभागातील साध्या स्पेक्ट्रोमीटरवर नमुना टप्प्याटप्प्याने तापवून घेतलेले शोषण-आलेख उशिराच्या पंप-प्रोब आलेखांतून वजा करणे ग्राह्य ठरेल काय? अशी मापने प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मूळ आकडेवारी मित्रांच्या परवानगीने पाठवू शकेन.