लीला बेणारे: शोकनायिका की केवळ बळी?

नांदी (धागाकर्ती)

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. लीला बेणारेवर प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडते: ‘बेणारे ही पुरुषप्रधान समाजाची बळी आहे.’ वाक्य चुकीचे नाही, पण त्याच्यापाशीच थांबले की नाटकाचा निम्मा भाग वाचायचा राहून जातो, असे मला वाटते. म्हणून माझे म्हणणे मांडते. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी अवश्य खोडून काढावे.

नाटक वाचून किंवा पाहून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईतली एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेडेगावात येतात. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला भरायचा असतो. दुपारचा वेळ मोकळा असतो आणि गावातल्या सामंतला कोर्ट कसे चालते ते दाखवायचे असते, म्हणून गंमतीने एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. मंडळीतलीच बेणारे आत हातपाय धुवायला गेलेली असताना तिलाच आरोपी करायचे ठरते. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तिचे खरे आयुष्य साक्षीला ओढले जाते आणि प्राध्यापक दामले या विवाहित माणसापासून तिला दिवस गेले आहेत, हे उघड होते. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने 1967 साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले आणि सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली.

माझा मुद्दा असा. बेणारे खटल्यापूर्वीच एक निर्णय घेऊन बसलेली आहे. मूल जन्माला यावे आणि त्याला बापाचे नाव मिळावे, हा तो निर्णय. त्यासाठी ती मंडळीतल्याच पोंक्षेला उडप्याच्या हॉटेलात गाठते आणि रोकडेकडेही जाते. जे पुरुष तिच्या नजरेत फारसे उंच नाहीत त्यांच्यापुढे लग्नाची मागणी ठेवते आणि नकार पचवते. पर्समध्ये विषाची बाटली बाळगत असतानाही ती जगण्याची खटपट करत असते. आर्थर मिलर यांनी 1949 साली सामान्य माणसाच्या शोकांतिकेवर लिहिताना असे मांडले होते की, स्वतःची प्रतिष्ठा राखण्यासाठी वेळ आल्यास प्राणही द्यायला तयार असलेली व्यक्ती आपल्यात शोकात्म भाव जागा करते. तिला राजघराण्यात जन्म घ्यावा लागत नाही. या कसोटीवर बेणारे पूर्ण उतरते. तिची शोकात्म चूक, म्हणजे तिच्या विनाशाला कारण ठरलेली चूक, कोणती, असे विचाराल तर मी म्हणेन, तिचा बेफिकीरपणा. या माणसांची नस तिला ठाऊक आहे, ती त्यांची टर उडवते, आणि तरीही आरोपीच्या पिंजऱ्यात हसत उभी राहते.

उंबरठा

नांदी यांच्या विवेचनाचा आदर ठेवून माझा विरोध नोंदवतो, आणि तो तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांना आहे.

बेणारेचा दोष शोधायला बसणे म्हणजे त्या खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या कोर्टात आणखी एक खुर्ची मांडणे होय. त्या दिवाणखान्यात सगळे जण नेमके हेच करत आहेत. बत्तीस-चौतीस वर्षांची बाई अविवाहित का, मोठ्याने हसते का, पुरुषांशी मोकळेपणाने बोलते का, असे प्रत्येक जण आपापल्या परीने विचारतो आहे. आपण अभ्यासकाची भाषा वापरून तोच प्रश्न ‘तिची शोकात्म चूक कोणती’ असा विचारला, तर प्रश्नाचा आवाज सौम्य होतो, रोख बदलत नाही.

मराठी रंगभूमीवर शोकनायक म्हणावेत अशी माणसे आहेत. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तला सुधाकर पहिला प्याला स्वतःच्या हाताने उचलतो. 1970 च्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर आयुष्यभराची कमाई स्वतःच्या हाताने मुलांत वाटून टाकतात, ‘समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये’ हे शहाणपण त्यांना उशिरा कळते. दोघांचाही विनाश त्यांच्याच हातून सुरू होतो आणि म्हणून प्रेक्षक हळहळतो. बेणारेने काय केले? पंधराव्या वर्षी मामाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पुढे एका विद्वान माणसावर भक्तीने प्रेम केले. दोन्ही वेळा पळून गेला तो पुरुष. शोकनायिका हा शब्द फार भारदस्त आहे. तो वापरला की घडलेल्या गोष्टीला नियतीचा रंग चढतो. नियतीवर कुणी फिर्याद करत नाही. येथे मात्र अपराधी माणसे नावानिशी समोर बसलेली आहेत आणि त्यांतला एक कान कोरतो आहे.

मागची रांग

मी हौशी रंगभूमीवर काम करतो आणि हे नाटक आम्ही बसवले होते, म्हणून तालमीतला अनुभव सांगतो.

सुरुवातीला आमची बेणारे पहिल्या प्रवेशापासूनच दुखावलेली दिसत होती. अभिनय चांगला होता, पण दुसऱ्या अंकापर्यंत नाटक पार बसून गेले, कारण शिकार आधीच जखमी असेल तर शिकाऱ्यांना पिसाट होण्याचे कारण उरत नाही. मग दिग्दर्शकाने पहिला अंक पुन्हा बांधला. बेणारे सामंतसमोर सुखात्मेच्या न चालणाऱ्या वकिलीची, पोंक्षेच्या नापासाची आणि निपुत्रिक काशीकर जोडप्याने वाढवलेल्या बाळू रोकडेची थट्टा करते, तो भाग तिने मनापासून मजा घेत करायचा असे ठरले. पहिल्याच प्रयोगात फरक जाणवला. प्रेक्षक तिच्याबरोबर हसले, म्हणजे त्या मंडळींना टोचण्यात प्रेक्षकही सामील झाले आणि पुढे जे घडले ते त्यांना जड गेले.

त्यामुळे मला नांदी यांचे म्हणणे रंगमंचावरून पटते. बेणारे कुणाच्या हातातले बाहुले नाही, तिची जीभ चालते, तिला उंची आहे. ही उंची हुद्द्याची नसेल, पण त्या खोलीत मोकळेपणाने जगलेली ती एकटीच आहे. बाकीचे सगळे आपापल्या अपयशाला मुलामा देऊन बसलेले आहेत आणि तिचे हसणे तो मुलामा खरवडते. उंबरठा यांना मी एवढेच विचारतो की, तिला फक्त बळी म्हटल्यावर हे हसणे कुठे ठेवायचे?

उंबरठा

हसणे तिचेच आहे आणि ते मला हवेच आहे. पण थट्टेची शिक्षा गर्भपात असू शकत नाही. कृती आणि परिणाम यांच्यात इतकी दरी असेल तर त्या कृतीला विनाशाचे कारण म्हणता येत नाही, निमित्त म्हणता येते.

कलम

वकिलीच्या पेशात असल्याने एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. खटला सुरू होतो तो भ्रूणहत्येच्या आरोपावरून, आणि काशीकर शिक्षा सुनावतात ती अशी की बेणारेने जगावे, परंतु तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्याचा आरोप ठेवला, तेच कृत्य कोर्ट फर्मावते. 1967 साली स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण नसताना केलेला गर्भपात भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हा होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 साली झाला. म्हणजे हे कोर्ट संस्कृतीच्या नावाखाली त्या वेळच्या कायद्याने गुन्हा ठरणारी गोष्ट करायला सांगते.

दुसरी गोष्ट, आरोपीच्या वकिलाचे काम नेहमी प्राध्यापक दामले करत, आणि त्या दिवशी ते आलेले नाहीत. त्यामुळे सुखात्मे दोन्ही बाजू स्वतःच चालवतात. फिर्यादीचे भाषण संपवून ते बचावाच्या स्टुलावर जाऊन बसतात, चेहरा पाडतात आणि दयेची याचना केल्यासारखे चार शब्द बोलतात. बेणारेची बाजू मांडायला खरोखर बांधलेला एकच माणूस होता आणि त्याचीच जागा रिकामी आहे. तेंडुलकरांनी या रिकाम्या जागेत जितके सांगितले तितके मला कुठल्याही साक्षीत सापडले नाही.

नांदी

उंबरठा यांच्या पहिल्या प्रतिसादाने मला दोन दिवस अस्वस्थ ठेवले. ‘बेफिकीरपणा ही तिची चूक’ हे वाक्य मी मागे घेते. शिकवताना मी ते अनेकदा बोलले आहे आणि वर्गातल्या मुलींनी ते मान खाली घालून लिहून घेतले आहे, हे आठवून वाईट वाटले.

मात्र शोकनायिका हा शब्द मी सोडणार नाही. आपल्या समीक्षेत शोकांतिका आणि शोकात्मिका असा भेद करतात, तो येथे उपयोगी पडेल. शेवट दुःखाचा असला की शोकांतिका होते. शोकात्मिकेत दुःखाच्या तळाशी माणसाला स्वतःची आणि जगाची ओळख पटावी लागते. ॲरिस्टॉटलने शोकनायकाच्या चुकीसाठी वापरलेल्या ‘हॅमार्शिया’ या शब्दाचे भाषांतर आपण सवयीने ‘दोष’ असे करतो, पण त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. बेणारेचा नेम चुकला. खेळ हा खेळच राहील, असे तिने धरले. गुन्हा कबूल आहे का, असे विचारल्यावर आपल्याला साधे झुरळसुद्धा मारता येत नाही, असे ती गंमतीने सांगते. तिच्याएवढ्या निर्मळ मनाचा कुणीही तेच धरून चालला असता. यात नैतिक उणीव नाही, आणि काशीकरांच्या कोर्टाला असा हिशेब मांडताच येत नाही, कारण त्यांना चूक आणि पाप यांतला फरक माहीत नाही.

आता तळाची गोष्ट. बचावासाठी तिला दहा सेकंद मिळतात आणि त्या दहा सेकंदांत बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात. मग ती बोलते: आयुष्याच्या भयानकपणाबद्दल, ज्याने तिची भक्ती नाकारून फक्त देह घेतला त्या विद्वानाबद्दल, आणि ज्या देहाचा तिला तिटकारा आहे व ज्यावर तिचे प्रेमही आहे त्या देहाबद्दल. तो आता तिला त्याच्यासाठी, पोटातल्या जिवासाठी, हवा आहे. केवळ बळी असलेल्या माणसाला ही वाक्ये सुचत नाहीत. स्वतःच्या आयुष्याकडे पूर्ण उजेडात पाहिल्यावर ती येतात.

उंबरठा

नेम चुकण्याचा अर्थ मला मान्य आहे आणि तुम्ही वाक्य मागे घेतलेत याबद्दल मनापासून आभार मानतो. तरीही माझी अडचण उरते, आणि ती त्या स्वगतापाशीच आहे. ती बोलते तेव्हा कुणीही ऐकत नाही. इतर शोकनायकांचे बोलणे ऐकायला नाटकात निदान एखादा माणूस असतो. येथे दहा सेकंद संपतात आणि कोर्ट असे पुढे चालू लागते, जणू ती एक शब्दही बोललेली नाही. ओळख तिला पटली, पण तिच्या जगापर्यंत ती पोहोचलीच नाही. या अर्धवटपणाला शोकात्मिका म्हणावे की तेंडुलकरांनी शोकात्मिकेचा साचाच येथे मोडला आहे असे म्हणावे? मी दुसऱ्या बाजूला आहे.

मागची रांग

सामंतचा शेवट कुणाच्याच लिहिण्यात आला नाही, म्हणून तो सांगतो. त्याने पुतण्यासाठी हिरव्या कापडाचा पोपट आणला आहे. मंडळीतला तोच एक जण दुष्ट नाही, पण साक्षीच्या वेळी हातातल्या कादंबरीतून त्याने जे निरागसपणे ठोकून दिले, तेच तिला सगळ्यात खोल लागले. खटला संपतो, दार उघडते, प्रयोगाला आलेले गावकरी बाहेरून चौकशी करतात आणि सगळे तयारीला जातात. बेणारे टेबलापाशी निपचित पडलेली असते. आमच्या प्रयोगात सामंत करणारा मुलगा तालमीत दर वेळी विचारायचा, मी तिला हाक मारू का? संहितेतला शेवट असा: तो पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि पावलांचा आवाज न करता निघून जातो.